झार आलेत, हे त्याला माहीत होतं

त्या माणसाला आदल्या दिवशीच माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण हा प्रसंग सांगायला लागले की लोक मला मध्येच थांबवतात आणि म्हणतात, समुद्र आहे, तिथं असं व्हायचंच. समुद्राबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार माणसांबद्दल आहे. त्यात माझ्या घरची माणसं आहेत, आणि मीही आहे.

आम्ही कोल्हारचे. मी जवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण सिंधुदुर्गातल्या एका समुद्रकाठच्या गावी गेलो होतो. मी, माझे यजमान, तेव्हा सातवीत असलेली माझी मुलगी, धाकटा दीर आणि धाकटी जाऊ. खरं तर ही सहल जावेसाठी होती. तिचं माहेर पाथर्डीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि ही त्यांच्याबरोबर उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायची, त्यामुळे शाळा अर्धीच झाली. पुढे लग्नानंतर तिनं बाहेरून दहावी केली आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. अंगणवाडीच्या भिंतीवर समुद्राचं एक चित्र होतं. मुलं विचारायची, बाई, तुमी पाह्यलाय का. ती नाही म्हणायची. एकदा भाकरी थापता थापता तिनं मला हे सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मी यजमानांच्या मागे लागले.

पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा तिनं चपला काढल्या. त्या हातात घेऊन ती ओल्या वाळूत उभी राहिली. मग म्हणाली, "लई पानी हाय वो ताई. आन् एक घोट बी प्यायचं न्हाई."

ज्या बाईनं लहानपणी एका हंड्यासाठी टँकरमागे धाव घेतलेली आहे, तिच्या तोंडचं ते वाक्य होतं. दीर हसला. मला हसू आलं नाही.

आमच्या घरातल्या पुरुषांचा असा समज आहे की प्रवराकाठी जन्मलेल्या माणसाला पाण्याबद्दल कुणी काही सांगायचं नसतं. दीर तर धरणाचं आवर्तन सुटून नदीला पाणी आलं की पुलाजवळून उडी मारणारा. पोहायला मीही लहानपणीच शिकले होते. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून मला मळ्यातल्या विहिरीत सोडलं होतं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला होता. पण लग्नानंतर तेवीस वर्षं मी पाण्यात उतरले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती. सुनेनं विहिरीत पोहायचं, हा विचारच कुणाच्या डोक्यात येत नव्हता, माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. लॉज किनाऱ्याला लागूनच होतं. एक कोळीण बाई होड्यांच्या सावलीत बसून जाळ्यातली मासळी निवडत होती. तिच्या बाजूनं जाताना तिनं माझ्याकडे पाहून सांगितलं, "गो बाय, आज पाण्यात जाव नको. झार इलेत."

मला 'झार' हा शब्द कळला नाही. मी थांबून विचारलं, तर तिनं हातानं काहीतरी गोल दाखवलं आणि त्याखाली बोटं लोंबती सोडून हलवली. तेवढ्यात लॉजचा मालक समोरून आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चेन, आमच्याशी अगदी स्वच्छ मराठीत बोलणारा. मी त्याला विचारलं, या काय म्हणताहेत, झार म्हणजे काय. तो हसून म्हणाला की शेवाळासारखं असतं काहीतरी, पायाला गुदगुल्या होतात, घाबरण्यासारखं काही नाही. कोळणीकडे न बघताच त्यानं मला सांगितलं की ह्या लोकांना पर्यटक पाण्यात आलेले आवडत नाहीत, जाळ्यांना त्रास होतो म्हणून. मग माझ्या मुलीच्या गालाला हात लावून तो म्हणाला, मजा करा.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तीन वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहिताना मला स्वतःचा राग येतो. वर्गात मी मुलांना सांगते की माणसाचे कपडे बघून त्याचं म्हणणं खरं मानू नका. आणि रोज पहाटे त्या पाण्यावर जाणाऱ्या बाईचं सोडून मी इस्त्रीच्या शर्टाचं ऐकलं.

किनाऱ्यावर सूचना देणारी पाटी होती. ती मला नंतर दिसली. एका भेळवाल्याच्या टपरीच्या मागे, समुद्राकडे पाठ करून उभी केलेली, आणि तिच्यावर नारळपाण्याची जाहिरात चिकटवलेली. झेंडा नव्हता, शिट्टीवाला नव्हता. माणसं पाण्यात घालून फिरवायला चार होड्या होत्या, बुडणाऱ्याला बाहेर काढायला एक माणूस नव्हता.

माझ्या मुलीला वाळूत एक गोळा सापडला. शहाळ्यातली कोवळी मलई कुणी फेकून द्यावी तसा, पारदर्शक. ती काडीनं तो उलटा करून बघत होती. पुढे तसाच आणखी एक होता, आणि त्याला निळसर दोऱ्यांसारखं काहीतरी चिकटलेलं. मी तिला हात लावू दिला नाही, ते केवळ घाण वाटली म्हणून. कोळणीची लोंबती बोटं आणि हे दोरे यांचा संबंध माझ्या डोक्यात जोडला गेला नाही.

दीर कधीच आत गेला होता. लाटेच्या पलीकडे जाऊन हात हलवून आम्हाला बोलावत होता. यजमान मोबाईलवर फोटो काढत होते. जाऊ माझा हात धरून पाण्यात आली. आधी घोटे, मग गुडघे. तिनं पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी कमरेला बांधली होती. प्रत्येक लाट आली की ती माझा हात दाबायची आणि लाट गेली की हसायची. अंगणवाडीतल्या मुलांना काय काय सांगायचं ते तिनं पाण्यातच ठरवायला सुरुवात केली होती. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात गेलो. एवढं आत जायला नको होतं. मी नेलं.

ती ओरडली नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस किंकाळी मारतं. तिनं फक्त माझा हात सोडला आणि ती पाण्यात बसली, पायातलं बळ गेल्यासारखी. त्याच वेळी लाट मागे फिरली. मागे फिरणारं पाणी पायाखालची वाळू किती जोरानं ओढून नेतं हे नदीवाल्याला माहीत नसतं. मी तिच्याकडे वळेपर्यंत ती माझ्यापासून दोन बैलगाड्यांएवढी लांब गेली होती आणि तिचं डोकं पाण्याखाली होतं.

मी उडी टाकली. माझं अंग विसरलं नव्हतं एवढंच म्हणता येईल. तिच्याजवळ पोचल्यावर मी तिला पाठीमागून काखेत धरलं, जसं वडिलांनी विहिरीत शिकवलं होतं, कारण समोरून धरलं तर बुडणारा गळ्याला मिठी मारतो. पुढची लाट आम्हाला किनाऱ्याकडे ढकलत होती, ती नसती तर मला ते जमलं नसतं. माझ्याही मनगटाला काहीतरी भाजलं, जणू उलथन्याचा चटका. पाय टेकले तेव्हा मी यजमानांना हाक मारली. त्यांच्या हातात मोबाईल तसाच होता. त्यांना वाटलं होतं आम्ही खेळतोय.

तिला वाळूवर आडवं केलं. डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत निळे दोरे गुंडाळलेले होते आणि त्यांच्याखाली चाबकाचे वळ उठावेत तशा लाल रेघा उठत होत्या. ओढणीलाही ते दोरे चिकटले होते. ती थरथरत होती, दात वाजत होते, आणि एकच शब्द बोलत होती, जळतंय.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. आणि गर्दीतल्या प्रत्येकाला सगळं कळत होतं. एकजण म्हणाला पाणसाप आहे. एकानं बाटलीतलं गार पाणी तिच्या पायावर ओतलं, ती आणखीच कळवळली. एकजण म्हणाला यावर लघवी करतात, आणि त्याच्याबरोबरची माणसं हसली. एक बाई सांगत होती, लिंबू पिळा. दोघं तिघं शूटिंग घेत होते. तेवढ्यात दीर पाण्यातून पळत आला, त्यानं ओंजळभर ओली वाळू घेतली आणि तिच्या पायावर भांडं घासावं तशी घासायला लागला. तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी बाळंतपणाच्या खोलीतही ऐकलेला नाही. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "वैनी, सरका. गांधील चावल्यावर आमी असंच करतो."

तेव्हा ती कोळीण गर्दीतून घुसली. तिनं त्याला ढकलूनच बाजूला केलं. "चोळू नको रे. ईख वाढतला," ती म्हणाली. ईख म्हणजे विष, हे मला या वेळी कळलं. मासळीच्या टोपलीतून तिनं एक कळशी काढली, समुद्राचंच पाणी भरून आणलं आणि पायावर हळूहळू धार धरली. मग सुरीची बोथट बाजू कातडीला टेकवून एकेक दोरा उचलून वाळूत टाकला. कुठेही घासलं नाही. तिचा हात अगदी संथ चालत होता. शेवटी तिनं जावेच्या छातीवर हात ठेवून श्वास बघितला आणि मला सांगितलं, दवाखान्यात ने, आत्ताच. मागच्या वेळी मला कळलं नव्हतं, म्हणून असेल, या वेळी तिनं ते दोनदा सांगितलं.

लॉजवाला तोवर आला होता. तो गर्दीला समजावत होता की काही नाही, अर्ध्या तासात उतरतं, आणि मी सकाळीच यांना सांगितलं होतं कमी पाण्यात राहा. माझ्या समोर उभा राहून तो हे सांगत होता.

सरकारी दवाखाना अर्ध्या तासाच्या रस्त्यावर होता. गाडीत जावेचं डोकं माझ्या मांडीवर होतं. छातीत दाटतंय, ती म्हणत होती. दीर पुढच्या सीटवर बसून सारखा मागे बघत होता आणि कुणाला तरी फोन लावत होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. वळ बघताच ती म्हणाली, जेलीफिश, इथं झार म्हणतात. तिनं सोसेल इतक्या गरम पाण्याची बादली मागवली, पाय त्यात ठेवायला लावला, इंजेक्शन दिलं, आणि नाडी धरून बसून राहिली. श्वासाचा त्रास वाढला असता तर पुढे मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं, असं तिनं नंतर सांगितलं. तासाभरानं जावेचा चेहरा माणसासारखा दिसायला लागला. डॉक्टरनं माझ्या मनगटालाही औषध लावलं. बोलता बोलता तिनं विचारलं, कुठे उतरलात. मी लॉजचं वर्णन केलं. तिनं मान वर केली.

"काल दोघं आले होते माझ्याकडे. तिथूनच. मालकच घेऊन आला होता त्यांना."

यजमान बाजूलाच उभे होते. त्यांनीही ऐकलं.

परत आल्यावर मी आधी लॉजच्या ऑफिसात गेले. तो वही उघडून बसला होता. मी म्हटलं, "काल दोघांना तुम्ही स्वतः दवाखान्यात नेलंत. आज सकाळी मी तुम्हाला झार म्हणजे काय विचारलं, तेव्हा तुम्ही गुदगुल्या होतात म्हणालात."

त्यानं आधी खोकून घेतलं. मग तो म्हणाला, "ताई, सुट्टीचे दिवस. प्रत्येकाला सांगत बसलो तर इथं थांबेल कोण? आणि तुम्ही घाटावरची माणसं पाणी दिसलं की ऐकता थोडीच."

"मी विचारलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकायलाच विचारलं होतं."

त्यानं वही मिटली. माझ्याकडे बरंच होतं बोलण्यासारखं, पण यजमानांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, जाऊ दे, ती वाचली ना, सुट्टी कशाला नासवतेस. त्यांनी त्या माणसाकडे बघून जरा ओशाळं हसल्यासारखं केलं. माझ्या वतीनं माफी मागितल्यासारखं. त्या हसण्याचा राग लॉजवाल्याच्या खोटेपणापेक्षा जास्त दिवस टिकला.

निघायच्या आधी मी किनाऱ्यावर जाऊन त्या कोळणीला भेटले. तिनंच विचारलं, बाय बरी आहे ना. मी हो म्हटलं, आणि सकाळी तुमचं ऐकलं नाही असं सांगितलं. ती म्हणाली की कुणीच ऐकत नाही, तरी ती रोज सांगते.

घरी आल्यावर हा प्रसंग हळूहळू गंमत झाला. पाहुणे आले की दीर रंगवून सांगायचा, आमच्या मंडळींना समुद्र बघायला नेलं तर समुद्रानंच धरून ठेवलं. पोहून आणलं कुणी, हा भाग त्याच्या सांगण्यात हळूहळू बारीक होत गेला, आणि वाळूचा भाग तर कधी नव्हताच. जाऊ आतून चहा आणायची, हसायची, आणि साडी पायावर ओढून घ्यायची. वळांच्या जागी काळे पट्टे राहिले होते. वाळूनं जिथं सालटं निघालं होतं तिथं जखम चिघळली होती आणि ती महिनाभर लंगडत अंगणवाडीत गेली होती.

संक्रांतीला तिच्या माहेरची माणसं आली होती. जेवणं चालू होती, दीरानं पुन्हा ती गोष्ट काढली. ती वाढत होती. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं.

"तुमी वाळू चोळली व्हती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पान्यातल्या त्या किड्याचं तिसऱ्या दिवशी गेलं. वाळूचं म्हैनाभर ऱ्हायलं. ते बी सांगत जा."

दीर ताटात बघत राहिला. मग त्यानं हलकेच, फक्त तिला ऐकू जाईल असं, काहीतरी म्हटलं. काय ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण ती गोष्ट त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही.

पुढच्या वर्षी आमच्या शाळेची सहल निघाली, आणि ती नेमकी कोकणातच. पालकांच्या सहीसाठी जो कागद तयार झाला त्यात शेवटची ओळ होती, कोणताही अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. मी तो कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. मी विचारलं की मुलं आपण नेणार, आपणच पाण्यात उतरवणार, मग जबाबदार कोण राहणार, समुद्र? ते म्हणाले, सगळ्याच शाळा असं लिहितात. मी ती ओळ खोडल्याशिवाय माझ्या वर्गाचे कागद वाटणार नाही म्हटलं. दोन दिवस स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी धड बोललं नाही. एका सहकाऱ्यानं सुचवलं की मॅडमना एवढी भीती वाटते तर त्यांनी येऊ नये. ओळ शेवटी गेली. मीही गेले.

दुसरं गाव होतं, दुसरा किनारा. मुलं बसमध्येच कपडे बदलून तयार. मी सगळ्यांना वाळूवर बसवलं आणि होड्या लावणाऱ्या दोघा कोळ्यांकडे गेले. त्यांनी सांगितलं, दोन दिवस झार आहेत, आज नका सोडू. मी परत येऊन सांगितलं, आज कुणीही पाण्यात जायचं नाही.

एकदम कालवा झाला. शिक्षकांचे चेहरे पडले. आमच्या समोरच दुसऱ्या कुठल्या तरी सहलीतली शेकडो माणसं पाण्यात नाचत होती. मुलं माझ्याकडे अशी बघत होती जणू मी त्यांच्या ताटातलं काढून घेतलंय. मी त्यांना पाणरेषेपर्यंत नेलं, वाळूत पडलेला एक गोळा शोधला, लांबूनच दोरे दाखवले. मेलेल्या झारचा दोराही भाजतो हे सांगितलं. लागलं तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्या पाण्यानं धुवायचं, आधी पाण्याबाहेर यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, हे सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं. एका मुलीनं विचारलं, मग इथं पाटी का न्हाई लावत, मॅडम. मी तिला म्हटलं, ते मलाही कळत नाही.

त्या दिवशी त्या किनाऱ्यावर कुणालाच काही झालं नाही. पाण्यातली शेकडो माणसं हसत बाहेर आली, नारळपाणी प्यायली आणि निघून गेली. परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मला ऐकू जाईल अशा बेतानं कुणीतरी म्हणालं, बघा, काही होतं का. मी खिडकीबाहेर बघत राहिले. काही झालं नाही याचा मला आनंद झाला होता, आणि त्याच वेळी रागही आला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू शकतात हे मला त्या बसमध्ये कळलं.

सिंधुदुर्गातल्या त्या गावच्या ग्रामपंचायतीला मी तीन पत्रं पाठवली. पाटी सरळ करा, झार आल्यावर लाल झेंडा लावा, आणि तो लावायचं काम रोज पाण्यावर जाणाऱ्यांना द्या, एवढंच लिहिलं होतं. तिसऱ्या पत्राला एका ओळीचं उत्तर आलं की विषयाची नोंद घेतली आहे.

यंदा मुख्याध्यापकांनी मला स्वतःहून बोलावून घेतलं. या वेळी कोकण नको, असं ते म्हणाले, तुमच्या डोक्याला ताप नको आणि आमच्याही. शिर्डीजवळच्या एका वॉटरपार्कला एक दिवसाची सहल नेऊ, मुलं खूश, पालक खूश, ना लाटा ना तुमचे ते झार. मी म्हटलं, चांगलं आहे. मग मी विचारलं की तिथं पाण्यात मुलं किती आणि बघायला पोहता येणारी माणसं किती, हे कुणी विचारलंय का.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, टोपण शोधून बसवलं, आणि म्हणाले, "तुम्हीच फोन करून विचारा."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, फोन लावला.